म्हशीचा आवाज

डिसेंबर लागला की माझं डोकं फिरायला सुरुवात होते. बाकीच्या भिलाईला या दिवसांत किती बरं वाटत असतं! सकाळी वैशाली नगरच्या गल्ल्यांमधून धुकं आणि स्टील प्लांटकडचा धूर एकमेकांत मिसळून रेंगाळतात, गच्च्यांवर ऊन खात मटार सोलणं चालू असतं, नागपूरहून येणारा पाहुणा संत्र्यांच्या पिशवीशिवाय येत नाही, आणि भाजीवाली तिवऱ्याची, म्हणजे आपल्या लाखोळीची, कोवळी भाजी न विचारताच दारात ठेवून जाते. आणि मी? मी फोन हातात धरून दातओठ खात बसलेली असते. कारण याच दिवसांत आमच्या शाळेच्या ग्रुपवर ती सूचना येते. वार्षिकोत्सवाच्या नाटकांचे डायलॉग अमुक तारखेपर्यंत द्या, रेकॉर्डिंग अमुक दिवशी आहे.

ज्यांची मुलं इकडच्या इंग्रजी शाळांत शिकली नाहीत त्यांना हा प्रकार समजावून सांगावा लागेल. आमच्याकडे लहान मुलं स्टेजवर नाटक करतात, पण बोलत नाहीत. आधी एखाद्या स्टुडिओत जाऊन अख्खं नाटक रेकॉर्ड करायचं. आवाज कोणाचे? आठवी-नववीतल्या फाडफाड इंग्रजी बोलणाऱ्या मुलींचे, नाही तर आम्हा टीचर लोकांचे. मग कार्यक्रमाच्या दिवशी ते स्पीकरवर लावायचं आणि तिसरीतल्या पोरांनी त्यावर नुसते ओठ हलवायचे. आठ वर्षांचा पोरगा तोंड उघडतो आणि त्यातून चौदा वर्षांच्या मुलीचा आवाज येतो. आईबाप खाली उभे राहून व्हिडिओ काढतात. कोणालाही यात काही चुकल्यासारखं वाटत नाही. अरे, निदान एकाला तरी वाटावं की नाही!

यंदा ती सूचना परवा आली. मी खाली लिहून टाकलं, "तिसरीला रेकॉर्डिंग नको. मुलं स्वतः बोलतील." दहा मिनिटांत चार जणींचे फोन. एकीला वाटलं माझी तब्येत बरी नाही, दुसरीला वाटलं माझं प्रिन्सिपल मॅडमशी वाजलं. मी एकीलाही धड उत्तर दिलं नाही आणि फोन टेबलावर आपटला.

"कावून एवढी तणतणून राहिली सकाळी सकाळी?" ह्यांनी विचारलं. हे प्लांटच्या ऑफिसातून रिटायर झालेत आणि आता पेपर, चहा आणि मी, एवढ्यावरच त्यांचं लक्ष असतं.

"तुमाले नाही समजणार."

"मले नाही समजणार, त त्या फोनले समजते का? त्याच्यावरच ओरडून राहिली तू. चहा घे, थंडा होऊन राहिला."

चहा घेतला. थंडच झाला होता. राग मात्र तसाच गरम राहिला, कारण तो प्रिन्सिपलवर नव्हता आणि ग्रुपवरही नव्हता. तीन वर्षांपूर्वीचा डिसेंबर आठवला होता, आणि त्या डिसेंबरात जे झालं ते दुसऱ्या कोणी केलं नव्हतं.

तेव्हाही माझ्याकडे तिसरीच होती. चाळीस मुलं आणि इंग्रजीचा तास. आता इंग्रजी म्हणजे आमच्याकडे काय, तर मी फळ्यावर प्रश्न लिहायचा, खाली उत्तर लिहायचं, पोरांनी ते वहीत उतरवायचं आणि घरी जाऊन घोकायचं. वर्गात शिरलं की सगळा वर्ग एका सुरात, शाळेच्या प्रार्थनेपेक्षा लांब ताणून, "गुड मॉर्निंग मॅऽऽम" म्हणणार. एकदा मी विचारलं, "आज डब्यात काय आणलं?" अगदी साध्या इंग्रजीत. चाळीसच्या चाळीस पोरं ओरडली, "फाइन, थँक यू मॅऽऽम!" मी कपाळावर हात मारून घेतला. बरं, हसूही येईना, कारण हे त्यांना आम्हीच शिकवलेलं. मी स्वतः अशीच शिकले. वडील वर्ध्याकडून प्लांटच्या नोकरीसाठी इथे आले, सेक्टरच्या क्वार्टरमध्ये आम्ही वाढलो, इंग्रजीत मला कायम चांगले मार्क, आणि कॉलेज संपेपर्यंत इंग्रजीत एक वाक्य कोणासमोर बोलायची माझी छाती झाली नव्हती.

त्या वर्षी नोव्हेंबरात एक दिवस मी चांगलीच भडकून वर्गात गेले. जुनवानीच्या रस्त्यावर मधोमध एक म्हैस बसली होती. उठेचना. शाळेच्या दोन व्हॅन, एक ट्रॅक्टर, माझी स्कूटी, सगळं अडकलं. हॉर्न वाजवून वाजवून लोक थकले आणि ती आपली रवंथ करत बसलेली. मी अर्धा तास उशिरा पोचले, प्रिन्सिपल मॅडमनी घड्याळाकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं. वर्गात गेले तर पुस्तक उघडायचीसुद्धा इच्छा होईना. मी टेबलावर टेकले आणि सोप्या इंग्रजीत सांगायला लागले, की रस्त्यावर एक म्हैस आहे, ती उठत नाही. एवढंच. पोरं बाकांवर पुढे सरकून बसली. व्हॅनवाला आला, म्हणाला, प्लीज गेट अप. म्हैस म्हणाली, नो. मग भाजीवाली आली. पोलीस आला. लग्नाची वरात आली, बँडसकट. प्रत्येकाला म्हैस म्हणाली, नो. दुसऱ्या दिवशी पोरांनी पुस्तक काढूच दिलं नाही. "मॅम, बफेलो! बफेलो!"

मग आम्ही ती करायलाच लागलो. बाकं भिंतीला सरकवायची, मधे रस्ता. ज्याला जे व्हायचं त्याने ते व्हायचं. कोणी दूधवाला झाला, कोणी आजी झाली, एका पठ्ठ्याने तर मलाच केलं, स्कूटीवर बसलेली, घड्याळ बघत कुरकुरणारी. व्याकरणाचे धिंडवडे निघत होते, पण निघू देत, पोरं बोलत होती! शेजारच्या वर्गातल्या मॅडम दारातून डोकावून "थोडा धीरे" म्हणून जायच्या. मी बरं म्हणायचे आणि दार लावून घ्यायचे.

म्हैस झाली होती टिकेश्वरी. ही जुनवानीच्या पलीकडच्या बस्तीतली मुलगी, सरकारी कोट्याच्या जागेवर आमच्या शाळेत आलेली. वडील प्लांटमध्ये ठेकेदाराकडे वेल्डर. ते तिला सकाळी सायकलवर पुढच्या दांड्यावर बसवून सोडायचे आणि तसेच ड्यूटीवर जायचे. घरी सगळं छत्तीसगढी. हिंदीसुद्धा तिला शाळेत येऊनच शिकावी लागली, मग इंग्रजीची काय कथा. दोन घट्ट वेण्या, लाल रिबिनी, शेवटचं बाक. जूनपासून नोव्हेंबरपर्यंत माझ्या तासाला ती एक अक्षर बोलली नव्हती. हजेरीला नुसता हात वर करायची. तिला मी म्हैस का केलं, तर म्हशीला नुसतं बसायचं असतं आणि "नो" म्हणायचं असतं. तेवढं तरी जमेल. याच्या पलीकडे तिला काही यायचं नाही, असं मी मनाशी धरूनच चालले होते. आता हे लिहिताना स्वतःचीच चीड येते, पण होतं ते असं होतं.

पहिल्या दिवशी तिचं "नो" मलासुद्धा ऐकू आलं नाही. दुसऱ्या दिवशी आलं. चौथ्या दिवशी तिने पोलिसाला वेगळं "नो" म्हटलं आणि आजीला वेगळं. पोलिसाला मान वळवूनसुद्धा पाहिलं नाही. आजीला डोळे मिटून, जरा दिलगिरीने. वरात आली तेव्हा तिने बँडचं वाजवणं पूर्ण होऊ दिलं, सगळे थांबले, आणि मग सावकाश म्हणाली, "नोऽऽ." वर्ग हसून लोळायला लागला. आणि तिने मान खाली घातली नाही, तीही हसली!

मग एक दिवस, मी काही सांगितलेलं नसताना, व्हॅनवाला झालेला पोरगा तिच्यासमोर उभा राहून ओरडत होता, गेट अप, गेट अप. ती तशीच बसून त्याच्याकडे बघत राहिली. आणि मग म्हणाली, "आय अ‍ॅम बिग. यू आर स्मॉल. यू गो."

हे फळ्यावर कधी लिहिलं नव्हतं. हे पुस्तकात कुठे नव्हतं. ते तिने तिथे, बसल्या जागी, स्वतःचं स्वतः तयार केलं होतं. घरी येऊन मी ह्यांना तीनदा सांगितलं. "अवो, आज टिकेश्वरी बोलली!" तिसऱ्यांदा हे म्हणाले, "मोठी गोष्ट आहे बापा, मले पाठ झालं आता." पण त्यांनाही आनंद झाला होता, ते मला चेहऱ्यावरून समजतं.

आणि इथेच मी माती खाल्ली. मी कौतुकाने प्रिन्सिपल मॅडमना वर्गात बोलावून आणलं. त्या आल्या, बघितलं, हसल्या, टाळ्या वाजवल्या. त्या वाईट नाहीत, हे सांगायला हवं. पोरांची काळजी करणाऱ्या बाई आहेत. म्हणाल्या, "बहुत बढ़िया! इसको ॲन्युअल फंक्शन में लेते हैं." मी हवेत. त्या दारातून बाहेर पडता पडता म्हणाल्या, "थर्सडे को रेकॉर्डिंग है, डायलॉग दे दीजिएगा."

मी म्हटलं, मुलं स्वतः बोलतात, तुम्ही आत्ताच ऐकलं ना.

"क्लास में ठीक है मॅडम. ग्राउंड पर पीछे की कुर्सियों तक आवाज़ जाएगी? बच्ची इतना धीरे बोलती है. पॅरेंट्स को कुछ सुनाई नहीं देगा तो मुझे ही बोलेंगे."

यावर मी काय बोलले? "जी मॅडम" म्हटलं. घरी ह्यांच्यावर चढणारी, भाजीवालीशी पाच मिनिटं हुज्जत घालणारी मी, तिथे मात्र "जी मॅडम". नंतर रात्रभर उत्तरं सुचत राहिली, पण त्यांचा काय उपयोग.

सुपेल्याच्या एका लहानशा स्टुडिओत आम्ही गेलो. म्हशीचा आवाज ज्या नववीतल्या मुलीचा होता तिचा त्या दिवशी घसा बसला. स्टुडिओवाला भैया म्हणाला, "आप ही बोल दीजिए मॅडम, दो मिनट का काम है." मी कानांवर हेडफोन चढवले आणि बोलले. "नो." घोगरा, जाडा, ठसक्यात. भैया काचेपलीकडून अंगठा दाखवत होता. टिकेश्वरीचं ते वाक्यही मी बोलले, "आय अ‍ॅम बिग, यू आर स्मॉल, यू गो," आणि शेवटी म्हशीसारखी रेकलेही. खोटं कशाला सांगू, मला फार मजा आली. एवढ्या वर्षांत इतकं छान इंग्रजी मी कधी बोलले नव्हते. घरी येताना स्कूटीवर ते वाक्य पुन्हा पुन्हा म्हणत आले.

मग उन्हातल्या तालमी. मैदानावर धूळ, पोरांच्या स्वेटरला नॅप्थलीनच्या गोळ्यांचा वास, पुठ्ठ्याची शिंगं आणि खेळाचे सर स्पीकरशेजारी शिट्टी घेऊन उभे. "लिप्स! सिर्फ लिप्स! आवाज़ नहीं!" बाकीची पोरं दोन दिवसांत रुळली. टिकेश्वरीला ते कळेचना. काळं घोंगडं पांघरून ती बसायची, तिची वेळ आली की मोकळ्या आवाजात "नो" म्हणायची आणि मागून स्पीकरवर माझं "नो" यायचं. कधी तिचं आधी, कधी माझं आधी. पोरं हसायची. सर शिट्टी फुंकायचे. तिसऱ्या दिवशी प्रिन्सिपल मॅडम बघायला येणार होत्या आणि माझा धीर सुटला. मी स्टेजवर गेले, तिच्यापुढे उकिडवी बसले, तिचे खांदे धरले आणि सांगितलं, "बेटा, आवाज़ बंद. बिल्कुल बंद. सिर्फ़ मुँह चलाना है. समझी?"

तिने मान डोलावली. ती शहाणी मुलगी, सांगितलेलं ऐकणारी. त्यानंतर तिची एकदाही चूक झाली नाही.

कार्यक्रम झक्क झाला. काही बिघडलं नाही, लाइट गेले नाहीत, पेनड्राइव्ह अडकला नाही. मला मनातून वाटत होतं की काहीतरी बिघडावं, हेही सांगून टाकते. माझा आवाज मैदानभर घुमला, मागच्या खुर्च्यांपर्यंत आणि त्यापलीकडे रस्त्यावर चहाच्या टपरीपर्यंत. लोक हसले, टाळ्या पडल्या. नंतर गर्दीतून टिकेश्वरीचे बाबा आले. प्लांटचा निळा शर्ट तसाच, बहुतेक ड्यूटीवरून सरळ आले होते. हात जोडून म्हणाले, "मैडम, हमर नोनी कतका सुग्घर अंग्रेजी बोलिस! मोला तो कुछू समझ नइ आइस, फेर सुग्घर लागिस." आपली पोर किती छान इंग्रजी बोलली, मला काही कळलं नाही पण छान वाटलं, म्हणत होते. त्यांचे डोळे भरून आले होते. त्यांनी मोबाइलवर केलेला व्हिडिओ मला दाखवला. त्यात त्यांची मुलगी तोंड हलवत होती आणि मी बोलत होते. तो आवाज समोरच उभ्या असलेल्या बाईचा आहे, हे त्या भल्या माणसाच्या लक्षात आलं नाही. आणि मी काय म्हटलं असेल? "हाँ भैया, बहुत होशियार है." टिकेश्वरी घोंगडं काखेत धरून बाजूला उभी होती, एकदा त्यांच्याकडे आणि एकदा माझ्याकडे बघत. मी तिच्या वेणीवरून हात फिरवला आणि दुसऱ्या पालकांकडे वळले.

त्यानंतर दोन वर्षं मी तिसरीला सरळ गाण्यावर नाच देऊन टाकला. नाचात कोणाला बोलायचंच नसतं, आपली सुटका. लोकांना वाटलं मी थकले. टिकेश्वरी चौथीत असताना तिच्या बाबांचं इथलं काम संपलं, ते कुटुंब छत्तीसगढातल्याच रायगढकडे गेलं, तिचा दाखला गेला. आता ती कुठल्या शाळेत आहे मला माहीत नाही. तिथे कोणी तिला गोष्ट सांगतं का, तेही नाही.

काल प्रिन्सिपल मॅडमनी बोलावून घेतलंच. "मॅडम, ये क्या ज़िद है? पीछे तक सुनाई नहीं देगा." मी म्हटलं, खुर्च्या पुढे घ्या. त्या म्हणाल्या, मुलं अडखळतील. मी म्हटलं, अडखळू देत, आठ वर्षांची आहेत. "पॅरेंट्स हँसेंगे." मी म्हटलं, यंदा पुन्हा म्हशीचंच नाटक आहे, त्यात हसायलाच पाहिजे. मी इतकी उलट कधी बोलले नव्हते. शेवटी म्हणाल्या, "कुछ गड़बड़ हुई तो आपकी ज़िम्मेदारी." मी हो म्हटलं. "लेकिन वजह तो बताइए," त्या म्हणाल्या. ती वजह मला सांगता आली नाही. ह्यांनाही अजून सांगितलेली नाही. इथे सांगते.

तो कार्यक्रम झाल्यावर जानेवारीत छेरछेरा आला. पौष पौर्णिमा. नवं धान घरात आलेलं असतं, आणि इकडची मुलं पिशव्या घेऊन दारोदार धान मागत फिरतात, ओरडून ओरडून. सुट्टी होती. मी तिळाचे लाडू घेऊन नणंदेकडे जुनवानीला निघाले होते. बस्तीजवळ वळले तर गल्लीच्या पार दुसऱ्या टोकाकडून एक हाक आली, अशी खणखणीत की मी ब्रेकच दाबला. पंधरा-वीस पोरांचा घोळका आणि सगळ्यांच्या पुढे टिकेश्वरी! डोक्यावर मफलर, हातात खताची रिकामी पिशवी, गळ्याच्या शिरा ताणून ती हाक देत होती आणि बाकीचे तिच्यामागून. मागच्या खुर्च्या म्हणे! शेजारच्या दुर्ग शहरापर्यंत ऐकू गेलं असतं. मला बघून ती थांबली, हसली, आणि अजिबात न लाजता माझ्यापुढे पिशवी उघडून पुन्हा तशीच ओरडली. माझ्याजवळ धान कुठलं? मी नणंदेचे लाडू तिच्या पिशवीत टाकले. नणंदेकडे रिकाम्या हाताने गेले, बोलणी खाल्ली, तरी दिवसभर मी खुशीत होते. मनाशी ठरवलं, उद्या वर्गात म्हैस परत काढायची. रेकॉर्डिंग नाही, स्टेज नाही. तिला म्हणायचं, काल गल्लीत बोलत होतीस तशी बोल.

दुसऱ्या दिवशी आम्ही बाकं सरकवली. व्हॅनवाला आला, भाजीवाली आली, पोलीस आला. टिकेश्वरी मधे बसली होती, आनंदाने, मांडी घालून. पोलीस म्हणाला, प्लीज गेट अप. तिने तोंड उघडलं. ओठ हलले, अगदी बरोबर, जिथे हलायला हवे तिथे. आवाज नाही.

मी म्हटलं, जोर से, बेटा. तिने पुन्हा ओठ हलवले, अजून मोठे. आणि मग माझ्याकडे बघत थांबली. सगळा वर्गच माझ्याकडे बघत थांबला.

मी तिच्याजवळ जाऊन बसले. "टिकेश्वरी, तू बोल ना. कल तो कितना अच्छा चिल्ला रही थी." ती माझ्या कानाशी आली. रुसलेली नव्हती, घाबरलेली नव्हती. माझी अडचण तिला समजली होती आणि ती मला त्यातून सोडवत होती.

"मॅम, आप बोलिए ना," ती म्हणाली. "आपका वाला अच्छा है. मैं मुँह चला दूँगी."